आडवा, उभा आणि नऊ दिवसांची बारी

त्या दिवशी मी ऑफिसात अक्षरशः किंचाळले. खुर्ची मागे ढकलून उभी राहिले, "झालं!" म्हणाले आणि माझ्या हाताचा धक्का लागून अर्धा कप चहा टेबलावर सांडला. मला लॉटरी लागली असं समजून कोपऱ्यातल्या दोघी-तिघी धावत आल्या. लॉटरीच होती म्हणा. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आमचा जुना डेटाबेस सकाळच्या चहापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत घरघरत बसला होता, ते उत्तर माझ्या साध्या लॅपटॉपवर तीन सेकंदांत आलं होतं. मी त्यांना ते दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि फडकं आणायला गेल्या.

मी एका दूधसंस्थेच्या आदिलाबादच्या कचेरीत कॉम्प्युटरचं काम पाहते. आधी काही वर्षं हैदराबादला नोकरी केली, मग कंटाळून जिल्ह्यात परत आले. गाव माझं जैनथकडचं, पैनगंगेच्या अलीकडचं. कचेरीत येतो तो सगळा दुधाचा हिशेब. कोणत्या केंद्रावर, कोणत्या तारखेला, कोणत्या सभासदाच्या कार्डावर, किती लिटर दूध आलं आणि त्याला फॅट किती लागलं. बोथ, नेरडीगोंडा, जैनथ, सगळीकडच्या केंद्रांवरून रोज सकाळी या ओळी येत राहतात आणि दहा-बारा वर्षं येत राहिल्या की त्यांची संख्या कोटींच्या घरात जाते. वर्षभराचा काही प्रश्न विचारला की आमची मशीन धापा टाकायची. शेवटी साहेबांनी मला बोलावलं. साहेब तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलतात आणि वयाने मोठे असले तरी मला अम्मा म्हणतात. ते म्हणाले, "अम्मा, तीन-चार डेटाबेस देख लो. कौनसा रखना है, महीने भर में बताओ."

मला असं काम मिळालं की भूक लागत नाही. चार नाही, तीन घेतले आणि पहिल्याच दिवशी तिघांना नावं ठेवली, कारण खरी नावं सारखी लिहून हात दुखतात. आमचा जुना तो आडवा. माझ्या लॅपटॉपवर बसवलेला तो उभा. आणि तिसरा, दूर कुठल्यातरी शहरात शेकडो मशिनींवर पसरलेला, इंटरनेटवरून वापरायचा आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे पैसे मोजायचे, तो भाड्याचा.

आडवा आणि उभा यांतला फरक मी साहेबांना एक जुनं रजिस्टर घेऊन समजावला होता. आडवा ओळ धरून ठेवतो. कार्ड, तारीख, लिटर, फॅट, गाव, सगळं एका ओळीत, एकापाठोपाठ. नवी नोंद करायला किंवा एखादीची चूक दुरुस्त करायला याच्याइतका सोयीचा कोणी नाही. पण "एकूण लिटर किती?" असं विचारलं की त्याला प्रत्येक पान उलटावं लागतं आणि प्रत्येक ओळ गावासकट, फॅटसकट वाचावी लागते. उभा काय करतो, तर रजिस्टर कात्रीने उभं कापतो. लिटरचा एक गठ्ठा, तारखांचा एक गठ्ठा, कार्डांचा एक गठ्ठा. लिटर विचारले की फक्त लिटरचाच गठ्ठा उघडायचा, बाकीच्यांना हातही लावायचा नाही. साहेबांना ते इतकं पटलं की त्यांनी खरोखरच कात्री मागितली. मी रजिस्टर काढून घेतलं.

परीक्षा घ्यायची तर प्रश्न चांगला जड हवा. मी शोधत होते आणि एक आयताच सापडला. आमच्याकडे नियम आहे की वर्षातले निम्मे दिवस तरी जो दूध घालतो तो चालू सभासद, बाकीचे बंद. ज्या केंद्रात चालू सभासद फार कमी, ते केंद्र बंद करून शेजारच्यात मिसळायचं, अशी चर्चा बरेच दिवस समितीत चालली होती, पण सगळ्या वर्षांचा तक्ता काढायची कोणाची हिंमत नव्हती. मी तोच प्रश्न तिघांना घातला. आडव्याने दुपार केली. भाड्याच्याकडे आमच्या सगळ्या नोंदी चढवता चढवता तीन वेळा नेट गेलं, पण एकदा चढल्यावर त्याने पटकन उत्तर दिलं आणि बिलही दिलं. उभ्याने तीन सेकंद घेतले. मी किंचाळले ती तेव्हा.

साहेब बाहेर आले. उत्तर बघून त्यांचे डोळे मोठे झाले. "ये तो बहुत काम की चीज़ है अम्मा," म्हणाले, त्यांनी तक्त्याची प्रिंट काढली आणि ती समितीच्या फाइलला लावली. मला आकाश ठेंगणं झालं होतं. माझं सगळं लक्ष स्क्रीनच्या तळाशी, सेकंदांच्या आकड्यावर. वरचं उत्तर मी वाचलंच नव्हतं. दुपारी डबा खाताना सहज वाचलं. बंद करण्याजोग्या केंद्रांच्या यादीत सगळ्यात वर माझं गाव होतं. आणि त्या गावचं केंद्र चालवते माझी आई.

मी डबा तसाच बाजूला सारला. रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक खोली, तीत फॅटची मशीन, एक वजनकाटा आणि भिंतीला टेकून प्लास्टिकची खुर्ची. बारा वर्षं झाली, आई पहाटे तिथे जाऊन बसते. त्याआधी ती कोणाची तरी सून होती, कोणाची तरी बायको होती. केंद्र आल्यावर लोक तिला डेअरीवाली काकी म्हणायला लागले आणि तिची मान जी ताठ झाली ती तशीच राहिली. ते बंद झालं तर पुढचं केंद्र फाट्यापलीकडे, दीड तासाच्या वाटेवर. तिथवर डोक्यावर दूध घेऊन कोणी जाणार नाही, आणि उन्हाळ्यात गेलंच तर ते नासून पोहोचणार. सगळ्या बायकांचं दूध घरातच राहणार आणि आई घरात बसणार.

मी फोन लावला. सरळ विचारायची माझी पद्धत नाही, मी भांडणानेच सुरुवात करते. म्हटलं, "तुमच्या गावात बायका दूधच घालत नाहीत की काय? महिन्याला तीन-चार दिवस घालतात आणि गप बसतात."

"कोन सांगतलं तुले?" आईचा आवाज चढला. "आमचं दूध रोज येऊन राह्यलं. पावसात आलं, थंडीत आलं. एक दिस खाडा नाई."

"आई, कोटभर ओळी तपासल्यात मी. आकडे खोटं बोलत नाहीत."

"मंग मी बोलून राह्यली का खोटं?" म्हणाली आणि फोन कापला. मला राग आला, तोही तिचाच. मी दुसऱ्या फेरीची तयारी करून रविवारी ऑटोत बसले, सोमवारची रजा टाकली.

सोमवारी सकाळी उठले तेव्हा आई केंद्रावर गेली होती. आमच्याकडची थंडी अशी की तोंडातून वाफा निघतात आणि तुरीच्या शेतावर धुकं बसलेलं असतं. मी गल्लीत उभी राहिले. शेजारची एक बाई, लहानपणापासून मला ओळखणारी, दोन कड्यांचा ॲल्युमिनियमचा कॅन घेऊन दारोदार फिरत होती. प्रत्येक घरातून एक तांब्या, दोन तांबे दूध त्यात पडत होतं. आमच्याही घरातून पडलं, बाबांनी ओतलं. सात घरं झाल्यावर तिने कॅन डोक्यावर घेतला आणि केंद्राकडे निघाली. मी तिच्या मागे. केंद्रात आईने तिचं कार्ड लावलं, सगळ्या गल्लीचं वीस लिटर दूध त्या एका कार्डावर चढलं आणि मशीनने टक करून पावती दिली.

मी तिथेच उभी. "आई, हे हिचं एकटीचं दूध नाही."

"नाईच हाय ना. गल्लीचं हाय."

"मग बाकीच्या कुठे आहेत?"

"बाकीच्या कशाले येतीन वो? त्याईची बारी नाई आज."

म्हणजे बारी. एका तांब्यासाठी सात बायकांनी रोज अर्धा कोस चालायचं कशाला? आज हिने न्यायचं, तिच्याच कार्डावर चढवायचं, त्या दिवसाचं तिचं. उद्या दुसरी. भिशी असते तशी दुधाची भिशी, गावातल्या चारही गल्ल्यांत चालू. कोणाची बारी आहे हे लिहून ठेवत नाहीत. परत आल्यावर ती कॅन घासते आणि पुढच्या घराच्या ओट्यावर उपडा घालून जाते. ज्या ओट्यावर उपडा कॅन, त्या घरची उद्याची बारी. मी या गावात जन्मले, रोज शाळेत जाताना ते उपडे कॅन पाहिले, एकदा तर ठेचकाळून पडलेही. पण ते काय आहे हे विचारलं नव्हतं. आणि कचेरीत बसून मी त्याच बायकांना बंद सभासद ठरवलं होतं.

त्या दिवशी मी आईची माफी मागितली का? नाही. "मला आधी का नाही सांगितलंस," असं वर तिलाच विचारलं. ती म्हणाली, "तू इचारलं कवा?" आणि पुढच्या कॅनच्या दुधात तिने मापाचा चमचा बुडवला.

मंगळवारी साहेबांसमोर मी एका दमात सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडत होत्या. "एक का दूध दूसरे के कार्ड पे? अम्मा, ये तो गड़बड़ बोलेंगे लोग." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. केंद्र वाचवायला गेले आणि आईलाच लबाड ठरवून बसले की काय? मी म्हटलं, "साहब, उस सेंटर पे जो बैठती है, वो मेरी माँ है." साहेबांनी समितीची फाइल पुढे ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, "फिर तो पक्का सबूत लाना पड़ेगा. एक गाँव की बात नहीं चलेगी. शुक्रवार को मीटिंग है."

तीन दिवस. मी उभ्याला जुंपलं. माझा तर्क सोपा: सात घरं, सात दिवस, म्हणजे प्रत्येक कार्ड दर सातव्या दिवशी दिसायला हवं. असं चक्र कुठे कुठे सापडतं ते सगळ्या केंद्रांत शोध, असा प्रश्न लिहिला आणि बटण दाबलं. उत्तर आलं आठ सेकंदांत. कुठेच नाही. आमच्या गावातसुद्धा नाही! मी दोनदा, तीनदा चालवून पाहिलं. तेच. शेवटी नाक मुठीत धरून आईला फोन लावला आणि या वेळी, खरंच सांगते, नीट विचारलं.

ती पोट धरून हसली. "सात कोन म्हनलं तुले? घरं सात, पन दोघीईच्या घरी दोन दोन म्हशी हायेत. दोन म्हशी तं दोन बाऱ्या. नऊ दिसाची बारी हाय आमची. मांगच्या गल्लीत अकराची. अन म्हैस आटली का ते घर बारीतून निंगते, व्याली का परत येते."

सात माझ्या डोक्यातले होते, कॅलेंडरवाल्या बाईचे. त्यांचं माप म्हशी होत्या. आता चक्र मोजण्यात अर्थच नव्हता, कारण म्हैस आटली की तेही बदलणार. मग मी काय शोधायचं? मी डोळे मिटून तो कॅन आठवला. कार्ड बदलतं, पण कॅनमध्ये काय बदलतं? काहीच नाही! त्याच सात घरांचं दूध, तेवढेच लिटर आणि तेच फॅट. एकट्या घराचं दूध कसं असतं, गायीचं पातळ, म्हशीचं घट्ट, घराघराचं वेगळं. पण कॅन एकच असला तर कार्ड कोणाचंही लावा, फॅटचा काटा जवळपास तिथेच थांबणार. तर मला हवं होतं असं केंद्र, जिथे रोज नोंदी तेवढ्याच, लिटर तेवढेच, फॅट तेवढंच, आणि फक्त कार्डं फिरताहेत.

त्या सकाळइतकी मजा मला कामात कधीच आली नसेल. मी प्रश्न लिहायचे, चुकायचे, हसायचे, परत लिहायचे. फॅटमध्ये किती फरक चालवून घ्यायचा? पोळ्याच्या दिवशी दूध कमी येतं ते वगळायचं का? नवं कार्ड निघालं तर? दुपारपर्यंत मी तोच प्रश्न तीस-चाळीस प्रकारांनी विचारला होता. आडव्यावर दिवसाला दोनच चुका करता आल्या असत्या. भाड्याच्यावर प्रत्येक चुकीचं बिल लागलं असतं आणि पाचव्या चुकीनंतर मी विचारायला लाजले असते. उभ्यासमोर लाजायचं काही कारण नव्हतं, त्याला फक्त मोजके गठ्ठे उघडायचे होते. वेगाचा हा उपयोग मला कोणी पुस्तकात शिकवला नव्हता.

आणि मग आलं. सगळ्यात आधी माझं गाव, चार गल्ल्या, रोज चार नोंदी, बारा वर्षांत एक दिवस खाडा नाही. आई म्हणाली होती तेच, शब्दशः. त्याखाली पैनगंगेच्या काठाने जैनथकडची गावं एकामागून एक, मग बोथकडची काही. नेरडीगोंड्याकडे मात्र ज्याचं त्याचं कार्ड. बंद करायच्या यादीतली जवळपास सगळी केंद्रं या तक्त्यात होती. माझे डोळे भरून आले आणि मी परत एकदा ओरडले. या वेळी चहाचा कप आधीच लांब ठेवला होता.

शुक्रवारी मी लॅपटॉप घेऊन समितीपुढे उभी राहिले. साहेबांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की यादीतल्या एका केंद्रावर हिची आई आहे, म्हणून हिच्यावर विश्वास ठेवू नका, गाव तुम्ही निवडा. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्याहून मोठी मदत त्यांना करता आली नसती. एका वयस्कर सभासदाने बोथकडचं आपलं गाव सांगितलं. मी त्यांच्यासमोरच टाइप केलं, चहा पुढे सरकवेपर्यंत उत्तर पडद्यावर. फिरणारी कार्डं, न बदलणारं दूध. ते गृहस्थ चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हमारे घर में भी तो बारी रहती." मग स्वतःशीच हसले. "पूछा ही नहीं किसी ने."

केंद्र चालू की बंद, हे यापुढे कार्डांवरून नाही, केंद्रावर येणाऱ्या दुधावरून ठरणार, असं त्याच बैठकीत लिहून घेतलं गेलं. बारी करणाऱ्यांनी गल्लीतल्या सगळ्या घरांची नावं केंद्रात एकदा लावून ठेवायची, बस. नव्या यादीत दोनच केंद्रं उरली आणि ती खरोखरच कधीची ओस पडली होती. माझा जीव भांड्यात पडला. मी बाहेर येऊन जिन्यात बसले.

डेटाबेसचा अहवालही दिला. नोंदी घ्यायला आडवाच राहू द्या, असं लिहिलं, कारण सगळ्या केंद्रांनी सकाळी एकदम लिहायला घेतलं की उभा भांबावतो आणि आडवा एकही ओळ सांडत नाही. रोज दुपारी त्याची नक्कल उभ्याला द्यायची आणि वर्षांचे प्रश्न उभ्याला विचारायचे. भाड्याचा ताकदीचा आहे, पण आमचं दूध अजून त्याच्याएवढं झालं नाही. वेळेच्या तक्त्याखाली एक ओळ मी कोणी न सांगता घातली: सगळ्यात वेगाने आलेलं पहिलं उत्तर चुकीचं होतं. साहेबांनी ती खोडली नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी घरी गेले आणि रविवारी पहाटेच उठले. आमच्या ओट्यावर कॅन उपडा होता. आई केंद्रावर जायच्या गडबडीत म्हणाली, "मी तं मशीनवर बसते, तुहे बाबा नेतात. आज तू ने."

मी सात दारं फिरले. वीस लिटर दूध डोक्यावर घेतलं तर मान कशी मोडते ते त्या दिवशी कळलं, आणि बायका दारातून माझी चाल बघून हसत होत्या. केंद्रावर आईने आमचं कार्ड लावलं, पावती फाडून माझ्या हातात दिली आणि मी सांगत गेले: आडवा कसा, उभा कसा, रजिस्टर उभं कापलं की काय होतं, बारा वर्षांचं तिचं दूध मी किती सेकंदांत पाहिलं. मी हातवारे करत होते. ती फॅटचा काटा बघत ऐकत होती.

"एवढा हुशार हाय तुहा उभा," ती म्हणाली, "तं त्यानं पहिल्यांदाच काऊन नाई सांगतलं का बाया रोज दूध घालतात म्हनून?"

"मी त्याला ते विचारलंच नव्हतं, आई."

"अन मले?"

"तुलाही नाही."

तिने रिकामा कॅन माझ्या हातात दिला. "घास नीट. अन पुढच्या घरी ठेवून ये, त्याईची उद्याची बारी हाय."